बॅस्टियन पॉइंट: हरलेलं आंदोलन आणि परत मिळालेली जमीन

२५ मे १९७८. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या बंदराकडे तोंड करून उभ्या असलेल्या बॅस्टियन पॉइंट या टेकाडाला शेकडो पोलिसांनी कडं केलं. मदतीला लष्कराची वाहनं होती. आतले लोक गाणी म्हणत बसून राहिले, कुणी हात उगारला नाही. एकेकाला उचलून गाडीत घातलं गेलं. २२२ जणांना अटक झाली. पाठोपाठ तंबू, झोपड्या, सभेचं घर सगळं जमीनदोस्त केलं. ५०६ दिवस चाललेला ताबा दिवस मावळायच्या आत मोडला. न्यायालयाचा निकाल विरोधात गेला होता, सरकार विरोधात होतंच, आणि ज्या जमातीच्या जमिनीसाठी हे चाललं होतं तिच्यातल्या वडीलधाऱ्यांनाही हा मार्ग पसंत नव्हता. कुठल्याही हिशेबाने हे आंदोलन हरलेलं होतं.

दहा वर्षांनी, १ जुलै १९८८ रोजी, न्यूझीलंड सरकारने तीच जमीन परत करायचं मान्य केलं.

ही गोष्ट एरवी सांगितली जाते ती अशी: लोकांनी सोसलं, देशाच्या मनाला टोचणी लागली, उशिरा का होईना न्याय झाला. मला ती तितकीशी पटत नाही. न्यूझीलंडमध्ये माओरींनी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांनी, गमावलेल्या जमिनी शेकड्यांनी आहेत आणि त्यातल्या बहुतेक परत आलेल्या नाहीत. बॅस्टियन पॉइंट परत आला, कारण १९८८ साली तो अजून सरकारच्या नावावर होता. त्याचे प्लॉट पाडून विकले गेले असते तर पुढचे सगळे अहवाल आणि शिफारशी कागदावरच राहिल्या असत्या. ते प्लॉट पडू दिले नाहीत, हे त्या ५०६ दिवसांचं खरं काम. उरलेलं काम एका कायद्यातलं साल बदलल्यामुळे झालं. ते कसं, हे कळायला आधी जमीन गेली कशी ते बघावं लागतं. आणि ती लढाईत गेलेली नाही.

बोलावून आणलेला गव्हर्नर

ऑकलंडच्या संयोगभूमीवर १८४० साली न्गाती फातुआ या जमातीचा अंमल होता. त्यांचा प्रमुख आपिहाई ते कावाऊ. १८२० च्या दशकात उत्तरेकडच्या न्गापुही जमातीने बंदुका मिळवून दक्षिणेवर धाडी घातल्या होत्या. तो मार ताजा होता. गोरा गव्हर्नर शेजारी येऊन बसला तर संरक्षण मिळेल, व्यापार येईल, हा ते कावाऊंचा हिशेब. त्या काळात तो अजिबात भाबडा नव्हता. ६ फेब्रुवारी १८४० रोजी वाइतांगी इथे ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुखांमध्ये करार झाला. ते कावाऊंनी मार्चमध्ये मानुकाऊच्या किनाऱ्यावर त्यावर खूण केली आणि गव्हर्नर विल्यम हॉबसनला राजधानी इकडे हलवायचं आमंत्रण दिलं.

२० ऑक्टोबर १८४० ला खरेदीखत झालं. सुमारे ३,००० एकर, म्हणजे आजच्या ऑकलंडचा गाभाच. मोबदल्यात ५० पौंड रोख, ५० घोंगड्या, २० विजारी, २० सदरे, थोडी जाकिटं, टोप्या, तंबाखूची पिंपं, लोखंडी भांडी, २० कुऱ्हाडी, एक पोतं साखर, एक पोतं पीठ. पुढच्याच वर्षी सरकारने यातले चाळीसेक एकर लिलावात काढले आणि २४ हजार पौंडांहून जास्त रक्कम उभी केली.

या फरकामागे कराराचं दुसरं कलम होतं. माओरींच्या जमिनी, वनं, मासेमारीच्या जागा त्यांच्याच राहतील अशी हमी त्या कलमाने दिली. पण विकायची झाली तर खरेदीचा पहिला हक्क राजसत्तेचा, हेही त्याच कलमात होतं. घेणारा एकच असला की भाव तोच ठरवतो. वसाहतीचा सगळा खर्च या दोन भावांमधल्या अंतरावर चालायचा होता, आणि चाललाही. १८५० च्या दशकापर्यंत न्गाती फातुआंकडे शहराजवळचा ओराकेईचा ७०० एकरांचा एक तुकडा तेवढा उरला.

तेरा नावं

इथून पुढचा भाग मराठी वाचकाला परका वाटू नये. ओराकेईवर शेजारच्या जमातीनेही दावा सांगितला, म्हणून प्रकरण नव्याने स्थापन झालेल्या नेटिव्ह लँड कोर्टात गेलं. या कोर्टाचं मुख्य काम होतं जमातीच्या सामायिक वहिवाटीचं रूपांतर इंग्रजी पद्धतीच्या मालकीपत्रात करणं. १८६९ मध्ये मुख्य न्यायाधीश फेंटन यांनी न्गाती फातुआंच्या बाजूने निकाल दिला. जमीन विकता येणार नाही अशी अटही घातली गेली. बघायला गेलं तर हा विजयच.

पण मालकीपत्रावर नावं लागली तेरा. जमातीच्या समजुतीप्रमाणे ही माणसं सगळ्यांच्या वतीने होती. कायद्याच्या पुढच्या वाटचालीत ती विश्वस्त न राहता मालक झाली. आपल्याकडे जुन्या फेरफारात थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असा शेरा असायचा, एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून. पुढे कधीतरी तो शेरा नकलताना गळायचा आणि धाकट्यांचे वारस तहसीलच्या पायऱ्या झिजवत बसायचे. ओराकेईत तसंच घडलं, फक्त एका अख्ख्या जमातीच्या बाबतीत. १८८२ च्या खास कायद्याने या लोकांना जमीन भाड्याने द्यायची मुभा मिळाली. १८९८ मध्ये कोर्टाने वाटप केलं आणि सामायिक जमिनीचे वैयक्तिक हिस्से पाडले. ज्यांच्या पूर्वजांचं नाव त्या तेरांत नव्हतं, ते स्वतःच्या गावात बिनहिश्श्याचे झाले.

हिस्से पडले की पुढची पायरी सोपी असते. जमात एकत्र बसून ‘नाही’ म्हणू शकते. कर्जात असलेला एकटा हिस्सेदार किती वेळ म्हणेल? पहिल्या महायुद्धाच्या थोडं आधी सरकारने ओराकेईतले हिस्से एकेक करून विकत घ्यायला सुरुवात केली. जमातीचा विरोध होता, अर्ज गेले, शिष्टमंडळं गेली. १९२८ च्या सुमारास ७०० एकरांपैकी जवळजवळ सगळं सरकारजमा झालं होतं. तिथे एक आदर्श उद्यान-उपनगर उभं करायचं ठरलं. आज त्याच भागातला पॅरिटाई ड्राइव्ह हा देशातल्या सर्वांत महागड्या रस्त्यांमध्ये गणला जातो.

बॅस्टियन पॉइंट म्हणजे माओरींचं ताकापाराफाऊ. या टेकाडाचा १३ एकरांचा एक तुकडा मात्र खरेदीत गेलेलाच नव्हता. रशियन आरमार पॅसिफिकमध्ये येईल अशी धास्ती १८८० च्या दशकात पसरली होती. त्या भीतीपोटी १८८६ मध्ये सरकारने तो संरक्षणासाठी सक्तीने संपादन केला. रशियन आले नाहीत. १९४१ मध्ये संरक्षण खात्याला त्या जागेची गरज उरली नाही. मूळ मालकांना परत द्यावी, हे कुणाच्या मनातही आलं नाही. ती ऑकलंड नगरपालिकेला उद्यानासाठी देऊन टाकली. एका कारणासाठी घेतलेली जमीन दुसऱ्याच कारणासाठी वापरायची, ही युक्ती १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली जमिनी गेलेल्या आपल्या शेतकऱ्यांनाही चांगली माहीत आहे. न्यूझीलंडमध्ये सार्वजनिक कामासाठी घेतलेली जमीन नको झाली तर आधी जुन्या मालकाला विचारा, ही तरतूद १९८१ च्या कायद्यात आली.

ओकाहूचा उपसागर

टेकाडाच्या पायथ्याशी ओकाहूच्या किनाऱ्यावर जमातीचं गाव होतं. गावठाण म्हणू या. विक्रीच्या सपाट्यातून वाचलेले थोडे एकर आणि शेजारची दफनभूमी. या गावाचं शहराने काय केलं ते जरा तपशिलात सांगतो, कारण जमिनीच्या आकड्यांमधून ते दिसत नाही.

१९१४ च्या सुमारास ऑकलंडची मुख्य सांडपाण्याची वाहिनी तयार झाली. ती गावाच्या पुढ्यातून, घरं आणि समुद्र यांच्या मधून नेली, आणि शहराचा मैला प्रक्रिया न करता तिथेच जवळ समुद्रात सोडला. गावाचं जेवण त्या पाण्यातून यायचं: शिंपले, मासे. पुढची चाळीसेक वर्षं हे असंच चाललं. मग १९३० च्या आसपास किनाऱ्याने टामाकी ड्राइव्ह हा रुंद, देखणा रस्ता आला. त्याचा भराव इतका उंच की पावसाचं पाणी समुद्राकडे जाईना. गावात तळं साचायचं. मग आरोग्य अधिकाऱ्यांनी शेरा मारला की हे गाव राहण्यालायक नाही.

मैला साठवायच्या जुन्या टाक्या अजून त्या रस्त्यावर आहेत. १९८५ पासून त्यांत मत्स्यालय चालतं. ऑकलंडमधली मराठी कुटुंबं पाहुणे आले की तिथे पेंग्विन दाखवायला नेतात आणि पुढे मिशन बेच्या किनाऱ्यावर आईस्क्रीम खातात. इमारतीचा हा पूर्वेतिहास बहुतेकांना ठाऊक नसतो, आणि नसला तर त्यांचा काय दोष. तिकिटावर तो छापलेला नाही.

टेकाडावर १९४० मध्ये मायकल जोसेफ सॅव्हेज यांचं दफन झालं. ते देशाचे पहिले मजूर पक्षाचे पंतप्रधान, गोरगरिबांना सरकारी घरं देणारे. त्यांचं भव्य स्मारक तिथे उभं राहिलं. एक दशक उलटलं आणि त्या स्मारकाच्या पायथ्याशी असलेलं गाव सरकारने उठवलं. १९५० मध्ये गावठाणाचं सक्तीने संपादन झालं, १९५१-५२ मध्ये घरं पाडली, सभागृह जाळलं गेलं. इंग्लंडच्या राणीचा दौरा १९५३ च्या शेवटी होणार होता आणि तिच्या वाटेवर ही वस्ती दिसायला नको होती, असं ओराकेईचे लोक सांगत आले आहेत. ते कारण धरा किंवा सोडा, परिणाम एकच. वर टेकाडावर, किटेमोआना स्ट्रीटवरच्या सरकारी घरांत गावकऱ्यांना भाडेकरू म्हणून बसवण्यात आलं. स्वतःच्या ७०० एकरांच्या मधोमध, सॅव्हेज यांच्याच गृहयोजनेतले भाडेकरू. मालकीची म्हणून उरली ती पाव एकर दफनभूमी.

जो हॉक तेव्हा अकरा-बारा वर्षांचे होते.

प्लॉट पाडायचा बेत

मधल्या पंचवीस वर्षांत देश बदलला. १९४५ मध्ये चार माओरींपैकी एक शहरात राहत होता. १९७० च्या दशकाच्या मध्यावर चारांपैकी तीन. गावातल्या जुन्या अन्यायांच्या कहाण्या घेऊन ही पिढी कारखान्यांत, गोदीत, विद्यापीठांत आली आणि कामगार संघटनांशी जोडली गेली. १९७५ च्या सप्टेंबरात ७९ वर्षांच्या फिना कूपर यांनी उत्तर टोकाच्या ते हापुआपासून राजधानी वेलिंग्टनपर्यंत जमिनीसाठी पायी मोर्चा नेला. जो हॉक त्यात होते. त्याच वर्षी वाइतांगी न्यायाधिकरण स्थापन झालं. कराराचा भंग झाला असं ज्या माओरीला वाटतं, त्याने तिथे दाद मागायची. मात्र त्यात एक मेख होती: कायदा लागू झाल्यानंतरच्या घटनांपुरताच त्याला अधिकार होता. १८४० ते १९७५ ही १३५ वर्षं त्याच्या कक्षेबाहेर. न्यायाधिकरणाकडे पहिला दावा हॉक यांनीच आणला, तोही शिंपले गोळा करण्याच्या नियमांबद्दल, कारण जमिनीबद्दल बोलायची सोयच नव्हती.

१९७६ मध्ये पंतप्रधान रॉबर्ट मल्डून यांच्या नॅशनल पक्षाच्या सरकारने बॅस्टियन पॉइंटची सुमारे २४ हेक्टर मोकळी सरकारी जमीन विकासाला काढायचं जाहीर केलं. बंदराचा नजारा, शहरापासून दहा मिनिटं. आलिशान घरांचे प्लॉट. तेलाच्या किमती भडकलेल्या, ब्रिटनने युरोपीय बाजारपेठेत प्रवेश केल्यामुळे लोणी-लोकरीचं हक्काचं गिऱ्हाईक गेलेलं. सरकारला पैसा हवा होता.

५ जानेवारी १९७७ ला, बुलडोझर यायच्या आधी, ओराकेई माओरी कृती समितीचे लोक टेकाडावर जाऊन बसले. पुढारी जो हॉक. ऑकलंडच्या कामगार संघटनांच्या परिषदेने त्या जागेवर बांधकामबंदी घातली: एकही संघटित कामगार तिथे काम करणार नाही. मला वाटतं या बंदीचं श्रेय कमी दिलं जातं. तंबूत बसलेल्या माणसांना पोलीस कधीही उचलू शकत होते. ठेकेदाराला माणसंच मिळू न देणं जास्त अवघड होतं, आणि प्लॉट थांबले ते दोन्ही मिळून.

टेकाडावर आधी तंबू, कॅरॅव्हॅन, मग पत्र्याच्या खोल्या, सभेचं घर, रताळ्यांचे आणि भाज्यांचे वाफे. ऑकलंडचा हिवाळा बर्फाचा नसतो, पण समुद्रावरून येणारा वारा आणि पाऊस महिनोन् महिने. अशाच एका रात्री ऊब घेण्यासाठी केलेल्या आगीतून भडका उडाला आणि हॉक घराण्यातली पाच वर्षांची मुलगी त्यात गेली. लोक उठले नाहीत. त्या मुलीचं स्मारक आज तिथे आहे. आंदोलनाच्या वर्णनात ही घटना एका ओळीत उरकली जाते. मीही तेच करतोय, कारण तिच्याबद्दल आणखी काही म्हणायचा हक्क तिच्या घरच्यांचा आहे.

जमातीत फूट होती आणि ती लपवून उपयोग नाही. वडीलधाऱ्यांचं म्हणणं: आम्ही दशकानुदशकं अर्ज-विनंत्या करत आलोय, सरकारशी बोलणी चालू आहेत, पोरं बेकायदा बसून सगळं घालवणार. तरुणांचं म्हणणं: अर्जांनी पाव एकर ठेवलं. १९७८ च्या सुरुवातीला सरकारने वडीलधाऱ्यांपुढे प्रस्ताव ठेवला. काही जमीन आणि घरं जमातीच्या विश्वस्त मंडळाकडे सोपवायची; बदल्यात मंडळाने दोन लाख डॉलर भरायचे. स्वतःच्या जमिनीचे. वडीलधाऱ्यांनी तो स्वीकारला. हॉक आणि सोबत्यांनी नाकारला. न्यायालयाने ताबा बेकायदा ठरवला, आणि मग मे महिना.

कोण बरोबर होतं, हा प्रश्न ओराकेईत अनेक वर्षं घराघरांत धुमसत राहिला. बाहेरून बघणाऱ्याला एवढं म्हणता येतं: टेकाडावर माणसं नसती तर वडीलधाऱ्यांपुढे कुणी प्रस्ताव ठेवला नसता. आणि वडीलधाऱ्यांनी तो घेतला नसता तर १९७८ च्या कायद्याने स्थापन झालेलं विश्वस्त मंडळ नसतं, जे पुढे जमीन परत घ्यायला कायदेशीर हात म्हणून उपयोगी पडलं. त्या कायद्यानंतर आलिशान वसाहतीचा बेत गुंडाळला गेला. उरलेली मोकळी जागा सार्वजनिक मालकीत राहिली. मल्डून यांनी माणसं उठवली, पण विकायची वेळ निघून गेली होती.

१९७५ ऐवजी १८४०

१९८४ मध्ये डेव्हिड लाँगे यांचं मजूर सरकार आलं. याच सरकारने अनुदानं काढून घेतली, सरकारी खाती कंपन्यांत बदलली, बाजार मोकळा सोडला. त्याचा पहिला तडाखा रेल्वे, जंगल आणि कत्तलखान्यांतल्या माओरी कामगारांना बसला. त्याच सरकारने १९८५ मध्ये न्यायाधिकरणाच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि अधिकाराची सुरुवात १९७५ वरून ६ फेब्रुवारी १८४० वर नेली. दोन्ही गोष्टी एकाच मंत्रिमंडळाच्या, हे लक्षात ठेवलं तर त्या काळाबद्दल भक्तिभावाने किंवा रागाने बोलणं थोडं कमी होतं.

हॉक यांनी लगेच ओराकेईचा दावा दाखल केला. न्यायाधिकरणाचे अध्यक्ष एडी ड्युरी स्वतः माओरी जमीन न्यायालयाचे पहिले माओरी न्यायाधीश. सुनावणीत १८४० चं खरेदीखत, तेरा नावं, १८९८ चं वाटप, मैल्याची वाहिनी, जळालेलं सभागृह हे सगळं पहिल्यांदा एका अधिकृत कागदावर ओळीने आलं. नोव्हेंबर १९८७ मध्ये अहवाल निघाला. निष्कर्ष असा की जमातीने जमीन सामायिक ठेवायची इच्छा वारंवार सांगितली होती, राजसत्तेने कायदे करून ती इच्छा मोडून काढली आणि कराराचा भंग केला. शिफारस: टेकाड परत द्या, दोन लाखांचं देणं माफ करा, ३० लाख डॉलर द्या.

शिफारस सरकारवर बंधनकारक नव्हती. तरी सरकारने मानली. ते सरकारला परवडत होतं, कारण कुणा गोऱ्या घरमालकाला उठवायचं नव्हतं. हा मुद्दा पुढे अगदी उघड झाला. १९९२ मध्ये उत्तरेकडच्या ते रोरोआ प्रकरणात न्यायाधिकरणाने खासगी मालकीची शेतजमीन सरकारने मिळवून परत द्यावी असं सुचवलं. गोऱ्या शेतकऱ्यांत खळबळ माजली आणि १९९३ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून खासगी जमिनीबद्दल अशी शिफारस करायचा अधिकारच काढून घेतला. पॅरिटाई ड्राइव्हवरचे बंगले त्याच ७०० एकरांत आहेत. त्यांच्याबद्दल कुणी दावा करू शकत नाही. बॅस्टियन पॉइंटवर १९७७ मध्ये बंगले झाले असते तर त्यांच्याबद्दलही करता आला नसता.

परत आलं ते काय

१९९१ च्या ओराकेई कायद्याने टेकाडाची मालकी जमातीकडे आली. सुमारे ४८ हेक्टरांचं मोठं मैदान सगळ्या ऑकलंडकरांसाठी खुलं राहिलं. कारभार जमात आणि नगरपालिका यांच्या संयुक्त मंडळाकडे. शतकभर आपल्याला बाहेर ठेवलेल्या शहराला जमातीने आत यायची वाट मोकळी ठेवली, यावर बरंच भावुक लिहिलं गेलंय. त्यात व्यवहारही आहे: खुली जागा हिरावली जाईल या भीतीचा राजकीय वापर त्यामुळे करता आला नाही.

ओराकेईपुरता हिशेब मिटला तरी बाकीच्या ऑकलंडचं काय? तो समझोता २०१२ च्या कायद्याने पूर्ण झाला. भरपाई १ कोटी ८० लाख डॉलर. ज्या शहराची जमीन गेली त्याच्या किमतीशी ताडून बघितलं तर हा आकडा काहीच नाही. वायकाटो जमातीला १९९५ मध्ये १७ कोटी मिळाले होते, तेही तिच्या नुकसानीचा अल्प अंश. न्गाती फातुआ ओराकेईंनी त्याआधी १९९० च्या दशकातच शहराच्या मध्यवर्ती भागातली रेल्वेची जमीन मिळवली, ती भाड्याने दिली, आणि आज त्यांच्या कंपनीची मालमत्ता अब्जावर आहे. जो हॉक १९९६ मध्ये मजूर पक्षाचे खासदार झाले, २००२ पर्यंत होते, २०२२ च्या मे महिन्यात वारले.

पैसा आणि अधिकार परत आले की जुने शेजारीही परत येतात. ऑकलंडवर हक्क सांगणाऱ्या जमाती एक नाही, डझनभर आहेत. शहरातल्या सुळक्यांची, म्हणजे जुन्या ज्वालामुखींची मालकी २०१४ च्या कायद्याने तेरा जमातींच्या समूहाला मिळाली. सरकार दुसऱ्या जमातींशी समझोता करताना ऑकलंडमधल्या मालमत्ता देऊ लागलं, तेव्हा न्गाती फातुआ ओराकेईंनी आक्षेप घेतला आणि प्रकरण कोर्टात गेलं. २०२१ मध्ये उच्च न्यायालयात कित्येक आठवडे सुनावणी झाली, २०२२ मध्ये निकाल आला. काही मुद्दे मान्य झाले, सगळे नाहीत. इंग्रजी न्यायालयात माओरी रूढीने मालकी कुणाची हे ठरवायचं, म्हणजे १८६९ चाच प्रश्न. फरक इतका की आता न्यायाधीशांपुढे जमातीचे स्वतःचे वकील, इतिहासकार आणि कित्येक खोकी कागद होते.

राष्ट्रीय राजकारणातही वारा फिरला. २०२३ मध्ये आलेल्या आघाडी सरकारातल्या अॅक्ट पक्षाने कराराच्या तत्त्वांची नव्याने व्याख्या करणारं विधेयक आणलं: सगळे नागरिक समान, कुणाला वेगळे हक्क नकोत. ऐकायला हे वाक्य कुणाला आवडणार नाही? १८९८ मध्ये सामायिक जमिनीचे हिस्से पाडतानाही प्रत्येकाला आपापला हिस्सा, हीच भाषा होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याविरुद्धचा मोर्चा संसदेपाशी पोचला तेव्हा तिथे सुमारे ४२ हजार लोक होते. १० एप्रिल २०२५ ला विधेयक ११२ विरुद्ध ११ मतांनी पडलं.

या वादात तिथल्या भारतीयांनाही आता बाजूला राहता येत नाही. २०२३ च्या जनगणनेत ते २ लाख ९२ हजारांवर होते, त्यात मराठी मंडळीही. ‘आम्ही मेहनतीने घर घेतलं, आम्हाला कुठे खास हक्क आहेत’ हे वाक्य ऑकलंडच्या गणपतीच्या मांडवात ऐकू येतं. त्यांचं घर ज्या मालकीपत्रावर उभं आहे त्याची सुरुवात कुठल्या खरेदीखताने झाली, हा प्रश्न मात्र तिथे निघत नाही. गावाकडच्या जमिनीच्या पोटहिश्शावरून भावाशी पंचवीस वर्षं दावा चालवणारा माणूसही तो काढत नाही, याचं मला नवल वाटतं.

टेकाडावर सध्याचा प्रश्न घरांचा आहे. ऑकलंडमध्ये घराच्या किमती अशा की जमीन परत मिळालेल्या जमातीच्या तरुणांना तिच्या आसपास राहणं परवडत नाही. २०१६ मध्ये जमातीने स्वतःच्या जमिनीवर काइंगा तुआताही ही ३० घरांची वसाहत उभी केली. घर कुटुंबाने विकत घ्यायचं, खालची जमीन १५० वर्षांच्या भाडेपट्ट्याने, मालकी जमातीचीच. अशा घरावर कर्ज द्यायला बँका सहज तयार होत नाहीत, कारण हप्ते थकले तर जमीन जप्त करून खुल्या बाजारात विकता येत नाही. त्यामुळे कर्जाची व्यवस्था जमातीला बँकांशी बोलणी करून वेगळी लावावी लागली. जमिनीचे तुकडे पाडून नावावर करून दिले असते तर कर्ज लगेच मिळालं असतं. तो पर्याय कुणी मागितला नाही.